डॉसच्या जुन्या पीसीला आयपी नेटवर्कवर आणताना

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम पुरवणारा पीसी अजून डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर, चालतो. पीसी ठणठणीत आहे, दुखणं फ्लॉपीचं होतं. बेळगावातल्या फौंड्रीच्या पट्ट्यात बारीक धूळ सगळीकडे असते. ती ड्राइव्हमध्ये बसली की ऐन शिफ्टमध्ये फाइल वाचली जात नाही. ऑफिसमधून फाइल वायरीने यावी, एवढीच मालकांची मागणी.

आत आयएसए या जुन्या जातीच्या स्लॉटमध्ये एक नेटवर्क कार्ड होतंच. एनई-२००० जातीचं, रिअलटेक ८०१९ चिपचं, १० मेगाबिटचं. जुन्या गोल बीएनसी केबलसाठी कधीतरी बसवलेलं, पण शेजारी आजच्या लॅन केबलचा आरजे-४५ पोर्टही होता. चालू कार्ड भंगारात काढणं मला पटत नाही.

त्याचा आयआरक्यू, म्हणजे ‘डेटा आला’ असं प्रोसेसरला कळवणाऱ्या इंटरप्ट सिग्नलचा नंबर, होता ३. कॉम-२ या सीरियल पोर्टचाही तोच, आणि मशीनची आरएस-२३२ केबल कॉम-२लाच. म्हणून टक्कर टाळायला रिअलटेकच्या डॉस युटिलिटीतून आयआरक्यू ५ केला, आय/ओ पत्ता ३०० हेक्स तसाच ठेवला. मग पॅकेट ड्रायव्हर (डॉसच्या प्रोग्रॅमना कार्ड वापरू देणारा) चढवला. कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळख नंबर) दिसला, स्विचचा लाइट लागला. एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क प्रोग्रॅम-संचाच्या कॉन्फिग फाइलमध्ये १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० मास्क लिहून पिंग मारला, म्हणजे समोरून उत्तर येतं का बघितलं. टाइमआउट.

अशा वेळी बहुतेक जण केबली बदलत बसतात. मी लॅपटॉप त्याच स्विचला जोडला, वायरीवरचे पॅकेट दाखवणारं वायरशार्क उघडलं आणि डॉसवरून लॅपटॉपलाच पिंग मारला. डॉस पीसीची एआरपी विचारणा (‘या आयपीचा मॅक पत्ता काय?’) स्वच्छ दिसत होती. लॅपटॉप लगेच उत्तर देत होता. तरी पुन्हा तीच विचारणा. म्हणजे बोलणं चालू, ऐकणं बंद! केबल, स्विच, आयपी पत्ता, सगळं एका फटक्यात संशयातून सुटलं. राहिला फक्त इंटरप्ट. मॅक पत्ता वाचायला आयआरक्यू लागतच नाही, त्यामुळे ड्रायव्हर चढला यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो. आयआरक्यू ५ ‘पीसीआय/पीएनपी’च्या (आपोआप वाटप होणाऱ्या नव्या कार्डांच्या) वाट्याला होता आणि बायोसने तो एका पीसीआय उपकरणाला देऊन टाकला होता. तो ‘लेगसी आयएसए’ (जुन्या कार्डांसाठी राखीव) केला, पीसी रिस्टार्ट केला. पिंगची उत्तरं धडाधड यायला लागली.

पुढचं सोपं. एमटीसीपी मुळात ५७६ बाइटचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) धरतं, शॉपमधल्या इथरनेटवर तो १५०० केला. डॉसला सुरक्षेचं कवच नाही, म्हणून राउटरमध्ये त्या पत्त्याचं बाहेरचं इंटरनेट बंद केलं, ते हवंच. ऑफिसच्या पीसीवर फाइल पुरवणारा एफटीपी सर्व्हर टाकला. ऑपरेटरने पहिली फाइल ओढली आणि ओरडला, “सर, आली बगा!”

दुसरी मात्र भलत्याच नावाने उतरायला बघत होती. ऑफिसमध्ये नावं लांबलचक देतात, डॉसला आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन एवढंच चालतं. ड्रॉइंग नंबरवरून छोटी नावं ठरवली, तो तक्ता आता मशीनच्या पॅनेलवर चिकटवलाय.