हिनं का म्हनून जायचं?

मी सोलापुरात एका पोलीस ठाण्याच्या आवारात महिलांच्या समुपदेशन कक्षात काम करते, आठ वर्षं झाली. एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक जाड पडदा, जो मी स्वतः घरून आणून लावलाय, कारण बाहेर बाकावर बसलेला नवरा खिडकीतून बघत राहिला की आत बसलेल्या बाईच्या तोंडून शब्दच फुटत नाही. इथल्या एका दिवसाबद्दल खूप दिवस लिहायचं होतं. त्या दिवशी आलेल्या दोघी बायकांना विचारलंय, त्या लिहा म्हणाल्या, फक्त ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

१५ जुलै २०२४, सोमवार. आषाढी दोन दिवसांवर, त्यामुळे निम्मं ठाणं पंढरपूरला बंदोबस्ताला गेलेलं. त्यात नवे फौजदारी कायदे लागू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले, भिंतीवर जुनं कलम नवं कलम असा तक्ता चिकटवलेला आणि प्रत्येक जण त्यावर बोट फिरवत बसलेला. साडेअकराच्या सुमाराला दोन बायका आल्या. पुढे साठीची एक बाई, तिनं मागच्या तिशीतल्या बाईचं मनगट घट्ट धरलेलं. दोघींच्या अंगाला तंबाखूचा वास. विड्या वळणाऱ्या बायकांचा हा वास आंघोळीनं पण जात नाही, आम्हाला तो दारातूनच कळतो. तरुण बाईनं पदर डाव्या कानावरून ओढून घेतला होता.

मोठी म्हणाली, "म्याडम, ही माझी सून. माज्या पोरानं मारलंय हिला. लिहून घ्या."

आता इथं मला माझं सांगायला लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझं लग्न २००८ ला झालं. नवरा चांगल्या नोकरीत, दारूला शिवत नव्हता, सुपारीचं खांड खायचा नाही. (म्हणून कोणी "दारूमुळे मारतो हो" म्हटलं की मला राहवत नाही, दारू पिऊन तो त्याच्या साहेबाला मारत नाही ना.) तो खोलीचं दार लावायचा आणि स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई मिक्सर सुरू करायच्या. रिकामा मिक्सर. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पाच वर्षं मी तो आवाज ऐकला. आजही माझ्या घरात मिक्सर नाही, चटणी खलबत्त्यात कुटते.

त्यामुळे ती बाई "माझी सून" म्हणाली आणि माझ्या आत काहीतरी एकदम कडक झालं. सासू आमच्याकडे येते ती बहुतेक वेळा मुलाची बाजू मांडायला येते, सून उलटं बोलते, सून फोनवर असते, सुनेला घर मोडायचंय. मला वाटलं ही पण तशीच, आधी चांगली बोलेल आणि मग "जरा समजावून सांगा, नांदायला सांगा" म्हणेल. मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा, मी हिच्याशी एकटीशी बोलणारे." बाईशी आधी एकटीशी बोलायचं हा नियमच आहे, तो बरोबरच आहे, पण माझा आवाज नियमाचा नव्हता. त्या काही न बोलता बाहेर गेल्या.

पडदा ओढला. तिला पाणी दिलं. तिनं उजवा कान माझ्याकडे केला तेव्हा लक्षात आलं की तिला डावीकडून ऐकूच येत नव्हतं. रात्री थप्पड बसल्यापासून कानात शिट्टीसारखा आवाज, बास. लग्नाला नऊ वर्षं, दोन लेकरं. विडी कामगार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून तिनं घड्या पडलेले तीन कागद काढले, तीन वर्षांतल्या तीन एनसी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनसी म्हणजे अदखलपात्र, पोलीस नोंद करतात, तपास करायला मग कोर्टाची परवानगी लागते, त्यामुळे नवऱ्याला बोलवून दम देतात आणि सोडतात, आणि दम खाऊन घरी आलेला माणूस त्या रात्री काय करतो ते ठाण्याच्या वहीत कुठं येत नाही.

"काल कशावरून झालं?"

"घराच्या कागदावरून. त्याला कागद गहाण ठेवून पैशे उचलायचेत. आत्यांनी तो मला ठेवायला दिला होता. मी कुठं ठेवलाय ते सांगितलं नाही."

मला नीट कळायला दोन मिनिटं लागली. घर सासूच्या नावावर. सोलापुरात विडी कामगार बायकांच्या घरकुलांच्या वसाहती आहेत, कुंभारीला तर गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, तशातलंच एक छोटं घर, चाळीस वर्षं विड्या वळून त्या बाईनं हप्ते फेडलेले. मुलगा कागद मागायला लागला तेव्हा तिनं तो सुनेकडे दिला, आणि सुनेनं मार खाल्ला पण कागद दिला नाही.

"मग?"

"मग आत्या मधी पडल्या. त्यांनाबी ढकललं. मग त्यांनी वरवंटा उचलला आणि उंबऱ्यावर बसल्या. तो बाहेर, मी आणि पोरं आत. सकाळपर्यंत तशाच बसल्या होत्या. मी इथं यायला नको म्हणत होते, त्यांनीच आणलं."

मी उठून बाहेर गेले. मावशी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत तंबाखूचा डबा. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मावशी, मघाशी मी तुम्हाला वाईट बोलले." त्यांनी हात हलवला, "बोला की, त्यात काय. माजं बी चुकलंयच." आणि मग आत येऊन त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दात वहीत लिहून घेतलं होतं:

"पैल्यांदा मारलं तवा मी म्हन्ले, नवराच हाय, एवडं काय. दुसऱ्यांदा शेजारी जाऊन बसले, ऐकायलाच नगं म्हनून. माज्या मालकानं मला मारलं तवा माजी सासू बी शेजारीच जाऊन बसायची. काल ही मार खात हुती आन कागद माजा हुता. मग म्हन्लं आता कुठं जाऊन बसू."

सून मान खाली घालून ऐकत होती. मला तिच्याकडे बघवेना आणि मावशींकडे पण. मावशींनी डबा उघडला, तंबाखूत हात घालून तळाची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि घराचा कागद टेबलावर ठेवला. सुनेनं तिथं लपवला होता.

इतक्यात ठाणे अंमलदार दारात आले. माणूस वाईट नाही, दोन दिवस ड्युटीवर, डोळे लाल. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, हिला थोडे दिवस माहेरी पाठवा. वातावरण शांत होऊ द्या, मग बघू." आम्ही सगळेच हे म्हणतो. मी पण म्हटलंय, कितीतरी जणींना, कारण त्या रात्रीपुरता जीव वाचवायचा तोच रस्ता दिसतो. मी सवयीनं विचारायला लागले, माहेरी कोण आहे. आई वारलेली, भाऊ अक्कलकोट तालुक्यात, एका खोलीत पाच माणसं.

तर मावशी एकदम उभ्याच राहिल्या. "हिनं का म्हनून जायचं? घर माजं. लाइट बिल हिच्या विड्यावर भरतंय. पोरांची शाळा हितं. मारलं त्यानं आन घर हिनं सोडायचं व्हय? त्यानं जावं की."

माझा पेन तसाच हातात राहिला.

डिसेंबर २०१३ ला मी रात्री साडेदहाच्या एसटीत बसले तेव्हा पायात घरातली स्लिपर होती. माझे दागिने, माझी दहावी बारावीची सर्टिफिकेटं, मुलीचा स्वेटर, सगळं तिकडंच राहिलं, डुप्लिकेट मार्कलिस्टसाठी मी नंतर किती फेऱ्या मारल्या ते माझं मला माहीत, तेव्हा कुठं समाजकार्याच्या शिक्षणाला, एमएसडब्ल्यूला अ‍ॅडमिशन मिळाली. भाऊ म्हणाला बरं झालं आलीस, वकील म्हणाले आता पोटगी टाकू. "तू का निघालीस, तो का नाही निघाला" हे मला कोणी विचारलं नाही. मी पण स्वतःला विचारलं नाही. आणि घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू, म्हणजे मी स्लिपर घालून निघाले तेव्हा त्याला सात वर्षं होऊन गेली होती. त्याच्या कलम १९ मध्ये सरळ लिहिलंय की मॅजिस्ट्रेट मारणाऱ्याला घरातून बाहेर जायचा आदेश देऊ शकतात. घर त्याच्या नावावर असलं तरी. हे मी नंतर पुस्तकात वाचलं, परीक्षेत लिहिलं, ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांना शिकवलं, आणि तरी त्या दिवशी माझ्या तोंडून पहिला प्रश्न माहेरचाच निघाला. जी बाई चौथीपर्यंत शिकलीय तिनं ते कलम न वाचता मला सांगितलं.

मी अंमलदारांना म्हटलं, "साहेब, ही कुठं जाणार नाही."

मग धावपळ. आधी सिव्हिल, मेडिकल. कानाच्या पडद्याला भोक पडलंय असं डॉक्टरांनी लिहून दिलं. परत ठाण्यात, गुन्हा नोंदवायला. नवऱ्याकडच्या छळाचं १९८३ पासूनचं ४९८ अ तोंडात इतकं बसलेलं की तक्त्यावर नवं कलम ८५ शोधून लिहीपर्यंत अर्धा तास गेला. पण या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून सहसा लगेच अटक होत नाही, नोटीस देतात आणि माणूस संध्याकाळी घरी. म्हणून नुसत्या एफआयआरवर भागत नाही, हे मी दोघींना समजावून सांगितलं. सून म्हणाली, "ताई, त्याला आत टाका असं माझं म्हणणं नाही. त्यानं घरात येऊ नये एवढंच." नव्वद टक्के बायका काय मागतात म्हणून मला विचाराल तर आकडा नाही माझ्याकडे, पण मी ज्यांच्यासमोर बसलेय त्यातल्या बहुतेकींनी हेच मागितलंय, मार थांबू दे आणि घर राहू दे.

या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना फोन लावला, डीआयआर म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल भरायला घेतला. आणि तेव्हा मला सुचलं ते विचारलं, "मावशी, तुम्हाला पण ढकललंय ना? मग तुमचा पण अर्ज करायचा का?" हा कायदा फक्त बायकोसाठी आहे असं लोकांना वाटतं. आई, बहीण, मुलगी, नात्यानं त्या घरात राहिलेली कुठलीही बाई अर्ज करू शकते. मावशी बराच वेळ गप्प बसल्या. पोराविरुद्ध कागदावर सही करायची. सुनेनं हळूच म्हटलं, "आत्या, नका करू तुम्ही, माझा एकटीचा पुरे." त्यावर त्या म्हणाल्या, "तू गप." आणि सही केली, अक्षर जुळवत, प्रत्येक काना मात्रा बघून. मोफत वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे पण कृपया लक्षात ठेवा आणि चार जणींना सांगा.

राहिला प्रश्न त्या रात्रीचा. मी सखी केंद्रात, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, राहायची सोय होईल म्हटलं. मावशी म्हणाल्या, "आज भाईर पडलो तर कुलूप तो लावंल." खरंच होतं. मग मी विचारलं, गल्लीत कोण कोण आहे? त्यांनी नावं घेतली, आठ दहा बायका, सगळ्या विडीवाल्या. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. बायका आपापली सुपं घेऊन आल्या, पानं, दोरा, तंबाखू, आणि त्या एका दारासमोर ओळीनं बसून विड्या वळायला लागल्या, जसं रोज बसतात तसं. मराठी, तेलुगू, कन्नड सगळं एकात एक मिसळलेलं बोलणं. नऊच्या पुढं तो आला. गल्लीच्या तोंडाशी थांबला, बघत राहिला. कोणी त्याला काही बोललं नाही आणि कोणी उठलं पण नाही. तो परत गेला. मी साडेअकराला रिक्षा केली तेव्हा चार जणी अजून बसल्या होत्या.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी. आम्हाला अंतरिम आदेश मिळायला पाच आठवडे लागले, तेवढे दिवस गल्लीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. हे मला फार लागतं, कारण अशी गल्ली नसती तर? प्रत्येकीला नसते. पण आदेश झाला, त्यानं घरात पाऊल टाकायचं नाही, सुनेला आणि मावशींना त्रास द्यायचा नाही, लेकरांचा खर्च द्यायचा. मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्टाच्या व्हरांड्यात सून माझा हात धरून रडली. मावशी लांब खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी घरून एक बोचकं आणलं होतं, मुलाचे कपडे, इस्त्री केलेले, वर एक सोलापुरी चादर. ते त्याच्याकडे द्यायला त्यांनी मलाच पाठवलं, स्वतः गेल्या नाहीत.

दिवाळीच्या आसपास सुनेचा फोन आला. कानाचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्याची तारीख सांगायला. बोलता बोलता म्हणाली, आदल्या रात्री तो आला होता, दोन वाजता, पिलेला नव्हता, दार वाजवत होता, आई दार उघड म्हणत होता. हिनं ११२ लावला. गाडी येईपर्यंत मावशी दाराला आतून पाठ लावून खाली बसल्या होत्या.

मी विचारलं, "काही बोलल्या का?"

"एकदाच बोलल्या. म्हणाल्या, जा बाळा, कागद झालाय."