तुम्ही विचारलंत म्हणून: हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन मनालीला यावं का?

दिवाळी संपली की पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून फोन सुरू होतात. कुणी नात्यातले असतात, कुणी मैत्रिणीच्या मैत्रिणी, कुणी कुठून तरी नंबर मिळवलेले अनोळखी लोक. प्रश्न ठरलेला: "ताई, नाताळच्या सुट्टीत आम्ही आमचीच गाडी घेऊन येतोय. बर्फात चालवता येईल ना?" मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर बियासच्या डाव्या काठावरच्या गावात राहते आणि मनाली आम्हाला नदीपलीकडे दिसतं. फोनवर या प्रश्नाचं उत्तर पुरेसं देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात सांगते. मनालीपर्यंत रस्ता मोकळा असेल तर खुशाल या. तिथून पुढे, म्हणजे सोलंगकडे, अटल टनेल या बोगद्याकडे किंवा आमच्यासारख्या चढावरच्या गावांकडे, रस्त्यावर बर्फ असेल तर आपली गाडी मुक्कामी ठेवा आणि इथल्या ड्रायव्हरच्या गाडीत बसा. मनालीतच बर्फ पडला तर जिथे गाडी उभी आहे तिथेच ती राहू द्या. दोन हजार किलोमीटर गाडी चालवत आल्यावर शेवटचे वीस किलोमीटर दुसऱ्याच्या हाती देणं जिवावर येतं, हे मला कळतं. तरीही माझं उत्तर हेच आहे, आणि त्याची कारणं नीट समजून घेतलीत तर मला बरं वाटेल.

फोन करणाऱ्यांना धास्ती असते ती बर्फ पडण्याची. हिवाळ्यात इथे बर्फ आणणारा पश्चिमी झंझावात आला, आभाळ भरलं, भुरभुर सुरू झाली की लोक आपसूकच गाडी हळू घेतात. ताजा बर्फ डोळ्यांना दिसतो, टायरखाली करकरतो, चाक त्यात थोडं रुततं. आमच्या गावातली जुनी माणसं त्या दिवसाला फारशी घाबरत नाहीत. त्यांची काळजी सुरू होते ती बर्फ थांबून लख्ख ऊन पडल्यावर. डोझर आणि जेसीबी बर्फ बाजूला सारून जातात, रस्त्याच्या कडेला त्याचे ढीग लागतात, दुपारच्या उन्हात ते ढीग पाझरतात आणि पाण्याचा पातळ थर रस्त्यावर पसरतो. ऊन कललं की तो गोठतो. हाच ब्लॅक आइस. तो काचेसारखा पारदर्शक असतो, खालचं डांबर आरपार दिसतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, रस्ता नुसता ओला आहे.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, "पण मोबाइलवर तर तीन डिग्री दाखवतंय." महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात छापून येते, ती आठवा. तशा पहाटेही हवेचं तापमान पुष्कळदा शून्याच्या वरच असतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता आभाळात सोडून देते आणि डोक्याएवढ्या उंचीवरच्या हवेपेक्षा जास्त गार होते. मोबाइल सांगतो ते हवेचं तापमान. टायर टेकतो ते रस्त्याला. वेण्णेकाठी गवताच्या पात्यावर घडतं तेच इथे डांबरावर घडतं, आणि नुसत्या दवाच्या जागी इथे रस्त्यावरून वाहणारं पाणी असतं. शिवाय शून्याच्या जवळचा बर्फ सगळ्यात निसरडा, कारण त्याच्या पाठीवर पाण्याची ओल असते. टनेलपलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या उणे पंधराच्या कोरड्या बर्फावर टायरला त्या मानाने थोडी पकड तरी मिळते. मनालीचा हिवाळा बराचसा शून्याच्या आगेमागे घुटमळतो, आणि म्हणून तो जास्त फसवा आहे.

आता ब्रेकचं गणित. ताशी 30 किलोमीटरच्या वेगाला कोरड्या डांबरावर ब्रेक दाबला की गाडी साधारण 5 मीटरमध्ये उभी राहते. दाबून बसलेल्या बर्फावर त्याच गाडीला 14 मीटर लागतात आणि ब्लॅक आइसवर 35 मीटर. हे सपाट रस्त्याचं झालं. दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल, आणि आमच्याकडे असे उतार पावलोपावली आहेत, तर तशा बर्फावर ब्रेक लावलेली गाडी थांबतच नाही. चाकं फिरायची थांबतात, गाडी घसरत राहते. इथे कुणाचं कौशल्य किंवा धीर कामाला येत नाही. टायर आणि बर्फ यांच्यात घर्षण जेवढं आहे तेवढंच आहे.

घाटात गाडी चालवायची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. आंबेनळी घाटात भर पावसात, धुक्यात गाडी काढलेली माणसं असतात ती, आणि त्यांचं चालवणं खरंच चांगलं असतं. पण त्या घाटात पाय ब्रेकवर गेला की गाडी ऐकते, आणि त्यांचा सगळा अंदाज त्या विश्वासावर उभा असतो. इथे पहिल्यांदा जातो तो नेमका हा विश्वास.

दुसरा गैरसमज फोर-बाय-फोरचा, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या गाडीचा. बोनेट उंच असलेली प्रत्येक गाडी फोर-बाय-फोर नसते. एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या नुसत्या पुढच्या चाकांवर चालतात. आणि खरी फोर-बाय-फोर असली तरी ती मदत करते चढायला, बर्फातून निघायला. थांबायला तिचा काहीच जास्तीचा उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतो. चढताना मिळालेल्या भरवशावर लोक उतरतात, आणि घसरणं बहुतेक उतरतानाच होतं.

बर्फ कुठे धरतो हे इथल्या माणसांना वळणावळणाने पाठ असतं. जिथे देवदारांची दाट सावली रस्त्यावर पडते तिथे. जिथे नाला रस्ता ओलांडतो तिथे. पुलांवर तर सगळ्यात आधी, कारण पुलाला वरून आणि खालून, दोन्हीकडून गार हवा लागते. बियास उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे मनालीच्या बाजूचे उतार पूर्वेकडे तोंड करून आहेत आणि आमच्या बाजूचे पश्चिमेकडे. समोर सकाळी लवकर ऊन येतं आणि दुपार कलली की डोंगराची सावली पसरते. आमच्याकडे ऊन उशिरा येतं आणि उशिरापर्यंत रेंगाळतं. म्हणून सकाळी दहाला समोरचा रस्ता सुटलेला असतो तेव्हा आमचा अजून काचेसारखा असतो, आणि दुपारी चारला नेमकं उलट. हे कुठल्याही नकाशात दिसत नाही.

वेळेबद्दल तर हात जोडून सांगते. पर्यटक सकाळी आरामात आवरून निघतात, दुपारभर सोलंगला किंवा टनेलपलीकडे सिस्सूला बर्फात खेळतात आणि चार-पाचच्या सुमाराला सगळे एकदम परत फिरतात. दिवसभर पाझरलेलं पाणी गोठायची वेळही तीच. एक गाडी वळणावर आडवी होते, मागच्या गाड्या चढावर थांबतात, चढावर थांबलेली गाडी पुन्हा जागची हलत नाही, आणि अंधार पडेपर्यंत रांग लागलेली असते. 2024 च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर बर्फ पडला तेव्हा सोलंग ते अटल टनेल या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांनी शेकडो लोकांना रात्री तिथून बाहेर काढलं. म्हणून जायचं असेल तर ऊन रस्त्यावर आल्यावर निघा आणि दोन-अडीचला परतीला लागा. मुलं रडली तरी.

अटल टनेलबद्दल वेगळं सांगायला हवं. 9 किलोमीटरचा हा बोगदा 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. त्याआधी रोहतांगची खिंड बंद झाली की लाहौलचा रस्ता जवळपास सहा महिने तुटायचा. आज तिथला आजारी माणूस भर जानेवारीत कुल्लूच्या दवाखान्यात पोहोचू शकतो. आमच्या भागात याचं मोल शब्दांत सांगता येण्यासारखं नाही. पण गाडी चालवणाऱ्यासाठी दोन्ही तोंडं धोक्याची. आत रस्ता कोरडा, उजेड भरपूर, वेग आपोआप वाढतो. बाहेर पडता त्या क्षणी 3000 मीटरहून जास्त उंची, पलीकडे लाहौलची बोचरी थंडी आणि गाड्यांच्या टायरांनी वाहून आणलेलं, तिथेच गोठलेलं पाणी. तोंड दिसायला लागलं की आतच वेग उतरवा, बाहेर आल्यावर नको.

आमच्या शेजारी एक टॅक्सीवाले भाईसाहब राहतात. त्यांची अल्टो आहे, आमच्या भागातल्या पुष्कळ टॅक्सीवाल्यांची असते तशी. बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर साखळ्या चढवताना त्यांना बघण्यासारखं असतं. आधी ते गाडीतून उतरतात आणि पुढचं वळण चालत जाऊन बुटाच्या टाचेने रस्ता घासून बघतात. मग साखळी पुढच्या चाकांसमोर पसरतात, कारण अल्टोची ताकद पुढच्या चाकांत. (जुन्या इनोव्हाला साखळी मागे लागते. आपल्या गाडीची ताकद कुठल्या चाकांत आहे हे कितीतरी मालकांना ठाऊक नसतं, ते घरूनच विचारून या.) गाडी हातभर पुढे घेतात, साखळी चाकावर ओढून आकडे अडकवतात. हातमोजे घालून आकडा लागत नाही, म्हणून ते काढलेले असतात आणि गार लोखंडाने बोटं लालबुंद होतात. पन्नास-एक पावलं गाडी नेऊन पुन्हा उतरतात, सैल झालेली साखळी परत आवळतात. अशी दुसऱ्यांदा न आवळलेली साखळी चाकावरून सुटून ब्रेकच्या पाइपलाच मार देते. साखळी लावल्यावर वेग तीसच्या आत, आणि कोरडं डांबर लागलं की साखळी उतरवायची.

उतारावर ते पहिल्या गिअरमध्ये असतात, पाय ब्रेकपासून दूर, आणि क्लचला तर हातही लावत नाहीत, म्हणजे पायही. क्लच दाबला की इंजिनाने धरून ठेवलेली गाडी मोकळी सुटते. घाबरलेला माणूस क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबतो, आणि तिथेच सगळं हातातून जातं. चढावर ते मध्ये थांबत नाहीत. खालून कुणी चढत येत असेल तर उतरणारा वरच सपाटीला थांबून त्याला वाट देतो, आणि याची सगळ्यांना इतकी सवय असते की हॉर्नही वाजवावा लागत नाही. डिकीत वाळूचं पोतं आणि बेलचा, म्हणजे फावडं, कायम. हे सगळं ज्याच्या अंगात मुरलंय त्याला दिवसाचं भाडं देणं मला तरी कधी महाग वाटलं नाही. हिवाळ्यात त्यांचं घर यावरच चालतं.

आमच्यासाठी हा रस्ता सहलीचा नाही. दूध यावरूनच येतं, गॅस सिलिंडर यावरूनच, बाळंतपणाला निघालेली बाईही यावरूनच जाते. तुमची गाडी वळणावर अडकली तर गावातले लोक फावडी घेऊन धावतील, तंदूरशेजारची (इथे घर गरम ठेवणारी लाकडाची शेगडी) ऊब सोडून धावतील, कुणी पैशाचं नाव काढणार नाही. पण तेवढा वेळ रस्ता सगळ्यांना बंद असतो. बर्फाशी आमचं वैर नाही, उलट तो पडावा म्हणून इथे देवाला साकडं घालतात. इथल्या पारंपरिक सफरचंदांच्या झाडांना हिवाळ्यात हजार-बाराशे तास कडक थंडी लागते, नाहीतर वसंतात फुलोरा धड येत नाही. मकरसंक्रांतीपासून पलीकडच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत 42 दिवस देवांच्या शांततेचे पाळतात. टीव्ही नाही, गाणी नाहीत, शेतात कुदळसुद्धा मारत नाहीत. त्या दिवसांत येणार असाल तर गाडीतला आवाज बंद ठेवा, एवढी विनंती.

पोलिसांनी अडवलं तर हुज्जत घालू नका. बर्फ पडला की पुढे फक्त फोर-बाय-फोर सोडतात, कधी तेही नाही, आणि ही सीमा दिवसभरात बदलत राहते. गाडी मुक्कामी ठेवलीत की हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा, कारण ओढलेला हँडब्रेक रात्रीत गोठून धरून बसतो. वायपर काचेपासून उचलून ठेवा. काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलेलं असेल तर निघण्याआधी कूलंट घालून घ्या. डिझेल गाडी असेल तर वाटेतल्या मैदानी भागातलं डिझेल शक्यतो संपवून वर येऊन टाकी भरा, थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो.

आणि पायी चालतानाही सांभाळा, कारण गाडीपेक्षा पाय जास्त मोडतात. बुटांवरून जुने लोकरीचे मोजे चढवा, खूप फरक पडतो. आमच्या गल्लीत रोज सकाळी चाची तंदूरची राख चढावर पसरते. राखेने पायाला पकड मिळते आणि बर्फापेक्षा काळपट असल्यामुळे ऊन शोषून ती खालचा बर्फही लवकर सोडवते. तिच्या राखेच्या पट्ट्यावरूनच चाला, शेजारची स्वच्छ दिसणारी जागा टाळा. होमस्टेच्या नळाची धार रात्री बारीक चालू ठेवायला सांगतील, पाइप फुटू नये म्हणून. ती धार मोरीतच पडतेय ना, एवढं झोपण्याआधी बघून घ्या. ती गल्लीत गेली तर सकाळी शाळेला निघालेली पोरं त्यावरून घसरतात.