मांडवाचा रंग

कोल्हापुरात लाकूड म्हणजे सागवान. पाइनला आमचे सुतारमामा अजून ‘खोक्याचं लाकूड’ म्हणतात. त्यामुळे गच्चीवरच्या वेलीच्या मांडवासाठी ट्रीटमेंट केलेलं पाइन आलं तेव्हा मामांनी फळीला नुसतं नख लावून बघितलं. “ताई, ही हिरवी का दिसतीया?”

तो हिरवेपणा तांब्याच्या क्षारांचा. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं द्रावण लाकडात मुरवायची युक्ती सोंटी कामेसम यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधली. म्हणजे जिला आपण ‘फॉरेनची’ समजतो ती फळी मुळात आपल्याच डोक्यातली. वाळवी हिच्या वाटेला जात नाही. पण उरलेले तुकडे बंबात घालायचे नाहीत, आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं. हे मामांना दोनदा सांगितलं, कारण त्यांच्या हिशेबात ढलप्या म्हणजे सकाळचं गरम पाणी.

खरा वाद रंगाचा. मामांचं म्हणणं, लांबी (पुट्टी) भरू, ऑईलपेंटचे दोन हात मारू, दसऱ्याला चकाचक! घरात ते ठीक. उघड्यावर मात्र लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर हलत नाही, मग तडकतो. तड्यातून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि रंगाचे पोपडे सुटतात. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा दर पावसाळ्यात पाण्याखाली घालणारं हे गाव, इथं पापुद्र्याचं काय घेऊन बसलात? मला हवा होता स्टेन, म्हणजे लाकडाचा पातळ रंग. तो वर न बसता लाकडात मुरतो, म्हणून विटला तरी सोलत नाही. फळी धुवायची, पुन्हा हात मारायचा. नुसतं पारदर्शक व्हार्निश नको, त्यातून ऊन थेट लाकडाला लागतं आणि लाकूड करडं पडतं. स्टेनमध्ये थोडं रंगद्रव्य हवंच.

त्याआधी फळी वाळायला हवी. पाणी शिंपडून बघायचं, फळीनं पिऊन टाकलं तर कामाला लागा. थेंब अळवाच्या पानावर बसावेत तसे वरच राहिले तर थांबा. आमचे थेंब अजून वरच आहेत. त्यामुळे मुहूर्त दिवाळीनंतरचा, कोरड्या थंडीतला.

“एवढं करून दिसणार काय, तर लाकूडच!” मामा म्हणाले. मला तेच हवंय. रंग ठरला अक्रोडी, हिरवट फळीवर तो कसा उतरतो ते एका तुकड्यावर बघून घेतलं. मामांनी तेवढ्यात लोखंडी गेटला दसऱ्याच्या आत ऑईलपेंट मारायची परवानगी पदरात पाडून घेतली. तिथं माझी हरकत नव्हती.