तो खोलीत नसताना ती काय करते?

ग्रुपवर मेसेज आला की शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघतेय, मनोगतं पाठवा. मैदान, गॅदरिंग, रामटेकची सहल हे सगळं बाकीचे लिहितीलच, मला फक्त बाईंबद्दल लिहायचंय. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की मराठीच्या बाई, बाकी सगळ्या मॅडम, त्यामुळे नाव लिहायची गरजच नाही.

दहावी ब. गणिताचे सर आले नव्हते, त्या ऑफ पिरियडला बाई आल्या आणि फ्रेंच लेखक मोपासांची 'नेकलेस' ही गोष्ट सांगायला लागल्या. 1884 ची गोष्ट. मातिल्द, तिचा कारकून नवरा, मंत्र्याकडच्या पार्टीचं निमंत्रण, त्यासाठी मैत्रिणीकडून मागून आणलेला हार, तो हरवतो, मग तसाच दुसरा 36,000 फ्रँकला घेऊन परत करायचा आणि पुढे दहा वर्षं कर्ज फेडत बसायचं, आणि शेवटी कळतं की मैत्रिणीचा हार खोटाच होता, फार तर 500 फ्रँकचा. वर्ग एकदम गप्प. मग बाईंनी विचारलं, गोष्ट कशाबद्दल आहे? पहिल्या बाकावरून गाईडातल्यासारखं उत्तर आलं, बायकोच्या हौसेपायी नवरा बुडाला. मागून एक जण म्हणाला, "काहून बाई, बरोबरच आहे ना, हार तर तिलाच पाहिजे होता!"

बाई रागावल्या नाहीत. फळ्यावर दोन रकाने काढले, एक 'तो', एक 'ती', आणि म्हणाल्या की कर्ज कोणी कसं फेडलं ते सांगा, पुस्तक माझ्याकडे आहे, मी तपासते. 'तो'खाली आलं वडिलांचे 18,000 फ्रँक, उसनवारी, संध्याकाळी एका व्यापाऱ्याचे हिशेब, रात्री पाच सूला (सू म्हणजे तिकडचं चिल्लर नाणं) एक पान अशी नक्कल. तोही राबला, बाईंनी ते कमी लेखलं नाही. 'ती'खाली मोलकरीण काढून टाकली, तेलकट भांडी घासून नखं झिजली, धुणं, सकाळी घाण खाली नेऊन टाकायची आणि पाणी वर आणायचं, ते आणताना प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबायचं, वाण्याशी एकेका पैशासाठी वाद घालायचा. तो रकाना फळ्याच्या कडेपर्यंत गेला. मग विचारलं, त्या पार्टीत ती नाचत होती तेव्हा नवरा कुठे होता? कुणालाच आठवेना. बाईंनी पान काढून वाचून दाखवलं, तो मध्यरात्रीपासून बाजूच्या खोलीत झोपला होता. "तो खोलीत नसताना ही बाई गोष्टीत एकदाच मनापासून आनंदात आहे, आणि लेखकाने नेमका त्याच रात्री तिचा हार हरवला. हे लेखकाने ठरवलंय, तिने नाही."

तेव्हापासून कुठलीही गोष्ट वाचली की मला हाच प्रश्न पडतो, तो खोलीत नसताना ती काय करते, आणि मोठमोठ्या कथा त्याने उलगडतात. रशियन लेखक चेखॉव्हची 'डार्लिंग', 1899 ची, त्यात ओलेंका नाटकवाल्याची बायको असते तेव्हा नाटकाबद्दल बोलते, लाकडाच्या वखारीच्या मॅनेजरशी लग्न झालं की लाकडाबद्दल, आणि घरात कुणी पुरुष उरला नाही की तिला कशाबद्दल मतच उरत नाही. याच्या उलट टागोरांची मृणाल. 'स्त्रीर पत्र' 1914 ची. लग्नाला पंधरा वर्षं झालेली बाई पुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते की आता सत्तावीस नंबर माखन बडाल गल्लीत मी परत येणार नाही. ती घरात लपून कविता करायची हे कुणाला माहीतच नव्हतं! नवरा समोर नसताना ती काय करते याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर हेच आहे.

मारबतीनंतरचा, म्हणजे नागपुरात पोळ्यानंतर पुतळे मिरवून जाळतात त्या सणानंतरचा, एक तासही आठवतो. काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातली बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून, हे आपण सगळेच ऐकत आलो. बाई म्हणाल्या, 1816 ला इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह अप्पासाहेब भोसल्यांनी केला, पुढे ते सीताबर्डीला लढले म्हणून त्यांचं माफ, मग जाळायला बाईच का?

मी विमा कंपनीतून व्हीआरएस घेतली, आता त्रिमूर्तीनगरात आमचा बायकांचा वाचनगट आहे, शनिवारी जमतो. मागे केट शोपॅनची 1894 ची कथा घेतली, नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी येते, ती खोलीत एकटी बसते आणि तिला जाणवतं की आता पुढचं आयुष्य आपलं आहे, तासाभरात नवरा धडधाकट दारात उभा आणि ती जागीच मरते, डॉक्टर म्हणतात आनंदाने गेली. एक काकू चिडल्या, लेखिका असून तिनेही मारलंच ना बाईला! मी म्हटलं मारलं, पण डॉक्टरांना जे कळलं नाही ते आपल्याला तर कळलं. खूप वेळ वाद चालला, चहा तसाच राहिला.

माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या. पहिलीचा अंक घेऊन बाईंकडे गेले तर त्यांनी तिथंच चष्मा लावून वाचली आणि पेन्सिलने एका वाक्याखाली रेघ मारून विचारलं, "नवऱ्याने चहा मागितला आणि ही उठली. का उठली?" त्या एका प्रश्नावर मी पुढची कथा लिहिली.

बाई आता पुण्याला मुलीकडे असतात, गुडघ्यांमुळे कार्यक्रमाला येणं होणार नाही, तेव्हा कमिटीने व्हिडिओ कॉल तरी लावावा. आणि एक, वाचनालयाच्या खोलीत आता कॉम्प्युटर लॅब आहे, कपाटं गॅलरीत कुलूप लावून उभी आहेत, मुलं गोष्टीचा सारांश मोबाईलवर वाचून पेपर लिहितात, याचं फार वाईट वाटतं. त्या कपाटांची चावी कोणाकडे आहे ते मला कळवा. आठवड्यातून एक दुपार मी येऊन बसायला तयार आहे, आठवी ते दहावीच्या मुलामुलींना एकत्र घेऊन, फळा मात्र मोठा लागेल.