सूर्यफुलाची वही: अर्ध्या अंशाचा फरक

या महिन्यात एकच काम हाती धरलं होतं: १४४ ठिपक्यांचं सूर्यफूल पट्टी आणि कोनमापक घेऊन हातानं काढायचं. दुसऱ्या कागदावर जमलं. पहिला बिघडला, पण तोही जपून ठेवलाय, कारण खरं शिकले ते त्याच्यावरच.

कृती सांगते. ठिपक्याच्या क्रमांकाचं वर्गमूळ काढायचं, त्याला ८ नं गुणायचं. मध्यापासून तितके मिलिमीटर. पहिला ठिपका ८ वर, चौथा १६ वर, नववा २४ वर, १४४ वा ९६ वर. ए-फोर कागदात बरोबर मावतं. दर ठिपक्याला १३७.५ अंश वळायचं; सूर्यफुलाच्या बिया साधारण याच कोनानं वळत येतात, त्याला सुवर्णकोन म्हणतात. मागच्या ठिपक्यापासून कोन मोजत गेलं की चूक साचत जाते, म्हणून सगळे कोन शून्यापासून काढून आधीच वहीत मांडून घ्या. हे सूत्र हेल्मुट फोगेल यांनी १९७९ साली मांडलं.

माझ्या कोनमापकावर अर्ध्या अंशाची खूण नाही. म्हणून पहिल्यांदा सरळ १३७ धरलं. तर फूल उमटलंच नाही. चाकाला असावेत तसे २१ आरे उमटले आणि मध्ये रिकाम्या फटी. रात्री आकडेमोड केली तेव्हा कळलं: २१ गुणिले १३७ म्हणजे २८७७, आणि आठ पूर्ण फेरे म्हणजे २८८०. दर एकविसावा ठिपका जेमतेम ३ अंश सरकतो, म्हणून एकामागे एक रांग लागते. १३७.५ ला हेच सरकणं साडेसात अंशांचं होतं आणि फटी बुजतात.

दुसऱ्या कागदावर काठाजवळ एकीकडे वळणारे २१ आणि दुसरीकडे वळणारे ३४ वळसे मोजता आले. आतल्या भागात १३ आणि २१. या संख्या मी घातल्याच नव्हत्या, घातला होता फक्त कोन. ते बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी १८६८ मध्येच म्हटलं होतं की नवा अंकुर सर्वांत मोकळ्या जागी फुटतो. झाडाला मोजावं लागत नाही, जागा तेवढी हवी.

५, ८, १३, २१, ३४ ही फिबोनाचीची माळ: दर संख्या म्हणजे मागच्या दोघींची बेरीज. आपल्याकडे हीच माळ छंदशास्त्रात सापडते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रा ५ तऱ्हांनी भरता येतात, पाच मात्रा ८ तऱ्हांनी, सहा मात्रा १३. जैन आचार्य हेमचंद्रांनी हे ११५० च्या सुमारास लिहिलं; ज्याच्या नावानं ही माळ ओळखली जाते त्या इटलीच्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.

मग खरं फूल. नागपुरातल्या बर्डीवरून वाळत आलेलं एक सूर्यफूल आणलं. वळसे मोजताना बोट सारखं घसरायचं. आई म्हणाली, "अगं, रांगोळीची रेघ ओढत जा नं एकेका ओळीवर." काळ्या बियांवर पांढरी रेघ लख्ख दिसते. काठावर ३४ आणि ५५ भरले, दोनदा मोजून. कॉटन मार्केटातल्या अननसावर ८ आणि १३.

संत्र्यात मात्र हे शोधू नका. मृग बहाराच्या बारा संत्र्यांच्या फोडी मोजल्या; ९ पासून १२ पर्यंत सगळं निघालं. फोडी एकाच वर्तुळात बसतात, एकामागून एक वळत येत नाहीत, त्यामुळे तो कोन तिथे लागूच होत नाही. सूर्यफुलंही दर वेळी ऐकत नाहीत: मँचेस्टरच्या उपक्रमात लोकांनी ६५७ फुलं मोजली, २०१६ साली निष्कर्ष छापून आले, आणि त्यांत या माळेत न बसणारीही फुलं होती. अशी फुलं मिळाली तर टाकू नका, त्यांचीही नोंद ठेवा.

एक दुरुस्ती राहिलीय. १३७.५ म्हणजे नेमके ३६० चे ५५/१४४, म्हणून १४५ वा ठिपका पहिल्याच्याच रेषेत जाऊन बसतो. पुढचं फूल २३३ ठिपक्यांचं, मोठ्या ड्रॉइंग शीटवर, सुवर्णकोनाच्या आणखी जवळचे १३७.५०८ अंश धरून. कोनांचा तक्ता ६० पर्यंत झालाय.