हँडल घ्यावं की बटणं

दादाचं एक वाक्य दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. गेम खेळायला नवा कंट्रोलर कोणता घ्यावा, गेमच्या दुकानातल्या मशीनसारखं हँडल (जॉयस्टिक) की नुसती बटणं, हे विचारायला फोन मीच केला होता. हौसेने सगळं सांगत होते, तर मध्येच म्हणाला, "पण तुला हँडलची आठवण यायचं कारणच काय? तू कुठं खेळलीयस हँडलवर?" टोमणा नव्हता. सहज विचारलं आणि लगेच टाकीच्या गळतीवर आला. मी हो-हो करत राहिले.

बरोबरच बोलला तो. मग लागलं का एवढं?

दुखणं साधं आहे. गेमपॅडवर दिशा द्यायचं सगळं काम एकट्या डाव्या अंगठ्याचं, आणि तो आता मुळाशी ठणकतो. स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये आदुगेन (आगीचा गोळा; खरं नाव हादोकेन, पण हो, मी आदुगेनच म्हणणार) अजून निघतं: खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा. शोर्युकेनला (उडी मारून वर जाणारा ठोसा) मात्र आधी पुढे, मग खाली, मग तिरकं. पडद्यावर डावीकडे उभी असले तर जमतं. उजवीकडे गेले की अंगठा आत ओढावा लागतो, तिरकं निसटतं किंवा बोट वर घसरतं, आणि माझा खेळाडू र्‍यू समोरच्याच्या ठोशात छान उडी मारतो. सेकंदाला साठ फ्रेम चालणाऱ्या खेळात मी घसरले की समोरच्याला तेवढं पुरतं.

पॅड वाईट असतो असंही नाही. लुफी नावाचा फ्रेंच खेळाडू २०१४ ची इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर जिंकला. पण त्याचा अंगठा त्याच्यापाशी.

शहाण्या माणसाने बटणांचा डबा घ्यावा. हँडलच नाही; डावं, खाली, उजवं डाव्या हाताच्या बोटांखाली आणि उडीचं बटण अंगठ्याखाली. हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायला वेळ लागतो, इथे बोट फक्त दाबायचं. दाइगो उमेहारा हा जपानी खेळाडू, ज्याने २००४ च्या इव्होत हँडलवर समोरच्या जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राच्या लाथांमागून लाथा अडवून सामना फिरवला, त्यानेसुद्धा २०१९ मध्ये असा डबा आणला होता. डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं तर दोन्ही चालू राहायचं, म्हणून स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमने आपल्या स्पर्धांत तो चालणार नाही असं सांगितलं. आता तो वाद मिटला आहे, दोन्ही दाबलं की कुठलीच दिशा लागत नाही, आणि डब्यावाले सगळीकडे आहेत. माझ्याबरोबर खेळणाऱ्या निख्याने तर घरीच बनवलाय. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, बाकी बटणं-वायरी पुण्याच्या तपकीर गल्लीतून. पोळपाटाएवढा होतो, बॅगेत मावतो. शनिवारी त्याच्याकडे खेळून पाहिलं. शोर्युकेन दोन्ही बाजूंनी स्वच्छ निघालं.

आणि मला काहीच वाटलं नाही. दिवसभर ऑफिसात बोटं बडवते, तेच घरी बडवायचं.

हँडल मला का हवंय ते मला माहीत आहे, फक्त दादाला सांगता येईना. सांगलीत स्टँडमागच्या बोळात ते गेमचं दुकान होतं. जेवायची वेळ झाली की आई मला पाठवायची, जा, बोलावून आण त्याला. मी दारात उभी. मुली आत जात नसत. कुणी अडवायचं असं नाही, अडवायची वेळच येत नसे. स्ट्रीट फायटर २ खेळणारा दादा मान न वळवता म्हणायचा, "थांब, हा राउंड." घड्याळ नव्व्याण्णववरून उतरायला लागायचं. पडदा मला धड दिसायचा नाही, पोरांच्या पाठी मध्ये. दिसायचा तो दादाचा हात. लाल गोळ्याखाली बोटं, मनगट ढिलं, खट-खट-खट. शेजारच्या मशीनवर कुणीतरी मुस्तफा हा दुसरा गेम बडवत असायचं, त्याचा आवाज वेगळा. राउंड संपू नये असं मला वाटायचं, आणि घरी उशीर झाला म्हणून बोलणी मी खायची.

वाटेत तो फुशारक्या मारायचा. हवेतल्या हवेत गोळे सोडले, मध्येच माणूस बदलला. मला ते थापा वाटायचं, पुढे कळलं की खरं होतं. मूळ गेमच्या बोर्डात फेरफार करून विकलेली आवृत्ती होती ती, आणि असल्या बोर्डांच्या धसक्याने कॅपकॉमला १९९२ मध्ये त्या गेमची वेगवान टर्बो आवृत्ती काढावी लागली. दादाला अजून हे माहीत नाही. सांगायला हवं. नको, डोक्यावर बसेल.

तर आठवण म्हणावी तर ती त्याच्या हाताची. माझ्या हाताला त्या हँडलची काहीच ओळख नाही. एक रुपयाचं नाणं घेऊन मला कुणी म्हटलं नाही की ये, खेळ. दादाला तरी कधी का सुचलं नाही? त्याच्या खिशात असायची की नाणी. आईला बाकी... जाऊ दे, तो विषय वेगळा.

हे लिहिताना डोळ्यांत पाणी आणायचा बेत होता, पण खरं सांगायचं तर मिळालं असतं नाणं तरी काय झालं असतं? ब्लांकाने डोक्याला चावून अर्ध्या मिनिटात मला बाहेर काढलं असतं आणि पोरं हसली असती. मग आज मी हँडलचं नावसुद्धा घेतलं नसतं.

आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे खेळायला मी शिकले ते कीबोर्डवर. दादाच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर, एकाच कीबोर्डवर दोघं. बाणांची बटणं अर्थातच त्याची, मला कोपऱ्यातली अक्षरं. त्या कीबोर्डला एका वेळी ठरावीकच बटणं कळायची; त्याने तीन दाबून धरली की माझा ठोसाच लागत नसे. हे त्याला ठाऊक होतं. हलकट. म्हणजे माझं बालपण शोधायचं तर ते बटणांतच आहे. डबा घेतला तर तो अंगठ्यालाही बरा, खिशालाही, आणि आठवणींच्या हिशोबातही माझा हक्काचा. हँडलवर हक्क सांगायला माझ्याकडे दारातलं उभं राहणं सोडून काही नाही.

तरी हवंय हँडलच. कारण पटत नाही, बदलतही नाही. अंगठ्याला आराम तर त्यानेही मिळेल, काम मनगटाकडे जाईल. मग पुढे मनगटाचं काय ते बघू. पहिले काही आठवडे निख्याकडून सडकून मार खाणार हे नक्की. बाकी वस्तू मोठी आहे, किंमत पाच आकडी आहे, आणि ती मांडीवर घेऊन बसले की घरात कुणीतरी "हे काय आता" म्हणणारच. उत्तर तयार ठेवायला हवं. भिशीचे पैसे पुढच्या महिन्यात येतात.

आता राहिला गेटचा प्रश्न. हँडलच्या तळाशी जी खाच असते ती चौकोनी घ्यायची की अष्टकोनी, यावर लोक तावातावाने भांडतात. अष्टकोनीत आठही दिशांना खटका लागतो. चौकोनीत तिरकं म्हणजे सरळ कोपरा, तिथे हँडल जाऊन टेकतं, शोर्युकेनला मला तेच पाहिजे. शिवाय सान्वा या जपानी कंपनीच्या हँडलला चौकोनी आधीच बसवलेलं येतं, अष्टकोनीचे वेगळे पैसे.