तक्रार द्यायची कुणाकडे?

अमेरिकेत कैद्याने तुरुंग अधिकाऱ्यावर दावा लावला की पहिलं भांडण मारहाणीवरून होत नाही, तुरुंगातल्या तक्रारीच्या फॉर्मवरून होतं. दावा १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली. पण १९९६ च्या एका कायद्याने आधी अट घातली आहे, तुरुंगातली तक्रार शेवटच्या अपिलापर्यंत नेल्याशिवाय फेडरल कोर्टात यायचं नाही. आपल्याकडे १९७९ मध्ये तिहारच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्रच सुप्रीम कोर्टाने याचिका म्हणून घेतलं होतं. इथे अमेरिकेत तसली सोय नाही.

माझ्या अशिलाचं मनगट मोडलं होतं. बेड्या घातलेल्या असताना अधिकाऱ्याने हात पिरगळला, असं त्याचं म्हणणं. दावा त्याने स्वतःच हाताने लिहून दाखल केला होता. मला जज्जांनी नंतर नेमलं, बिनपैशाचं. सांगलीच्या आत्याने फोनवर विचारलंच, "चोराची केस कशाला घेतलीस गं?" चोर तो होताच. पण मनगट मोडणं काही शिक्षेत लिहिलेलं नव्हतं.

सरकारी वकील म्हणत होते, रजिस्टरमध्ये याची तक्रारच नाही. हा म्हणत होता, दोनदा दिली. पुरावा काय, तर कँटीनच्या पावतीमागे बारीक अक्षरात खरडलेलं: 'फॉर्म दिला. जेवणानंतर.' तारीखही होती.

मग त्या अधिकाऱ्याची कोर्टाबाहेर शपथेवर जबानी झाली. कडक इस्त्रीचा गणवेश, दर उत्तराला 'मॅम'. मारहाणीचे प्रश्न मी मागे ठेवले.

"भरलेला फॉर्म कैदी कुठे टाकतो?"

"युनिटवरच्या अधिकाऱ्याकडे देतो, मॅम."

"पेटी नाही?"

"नाही."

"त्या आठवड्यात दुपारच्या पाळीला युनिटवर कोण होतं?"

त्याने आपल्या वकिलाकडे पाहिलं. "मीच."

"म्हणजे तुमच्याविरुद्धची तक्रार तुमच्याच हातात द्यायची?"

वकिलाने हरकत घेतली. अशा जबानीत जज्ज हजर नसतो; हरकत नोंदली जाते आणि उत्तर द्यावंच लागतं.

"हो, मॅम."

स्टेनोच्या मशीनवर तो 'हो' उमटला आणि समोरच्यांनी चहापाण्याची सुट्टी मागितली. तक्रारीची वाट अधिकाऱ्यांनीच अडवली तर ती अट कैद्याला लागू होत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच म्हटलंय. जून २०२५ मध्ये, फॉर्म फाडल्याच्याच आरोपावरून आलेल्या एका केसमध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी आणखी ठरलं की असा वाद मूळ आरोपातच गुंतलेला असेल तर त्याचा फैसला ज्युरीने करायचा. तक्रार दडपल्याचा आरोप आमच्या दाव्यात होताच. ज्युरीपुढे हा 'हो' वाचून दाखवण्याची हौस त्यांना नव्हती. तडजोडीची बोलणी सुरू झाली.

आकडा कळवला तर अशिलाचा पहिला प्रश्न, "आणि माझे साडेतीनशे?" दाव्याची फी ३५० डॉलर. गरीब कैद्यालाही ती माफ नसते, खात्यात महिन्याला जे जमा होतं त्याच्या २० टक्क्यांनी कापून घेतात. परत मिळत नाही, म्हटलं. म्हणून मागणीत तेवढे वाढवले. सरकारी वकिलांनी ते मात्र घासाघीस न करता मान्य केले.